ओट्यावरची कागदी जाळी

नरडाण्याच्या कारखान्यात मी वेल्डर होतो. निवृत्त होऊन धुळ्याला घरी बसलो, तेव्हा जळगावला दिलेली माझी मुलगी सुट्टीला आली आणि जाताना एक पिशवी विसरून गेली. आत धुरकट, आरपार दिसणारे कागद, बोथट टोकाच्या लेखण्या, सुया आणि एक इवलीशी कात्री.

फोन केला तर म्हणाली, "पार्चमेंट क्राफ्टचं सामान आहे, बाबा. मला नाही जमलं. तुम्हीच बघा."

बघितलं. कागद उलटा करून मऊ गादीवर बोथट टोकानं दाबला, की तेवढा भाग पांढरा होऊन वर फुगतो. मग सुईनं भोकं पाडायची, त्यांच्यामधला कागद कात्रीनं कापायचा. लेससारखी जाळी तयार होते. आधी नुसती फाडाफाडी झाली. मग एक पान नीट उतरलं, आणि मी ते उजेडाला धरून बघतच राहिलो.

बातमी टपरीवर पोचली. "नाना, हाई ते बायास्नं काम शे!" कारखान्यातला जुना सोबती म्हणाला. बायकांचं काम! सगळे हसले.

घरी मुलगा हसला नाही. पण म्हणाला, "बाबा, आतल्या खोलीत बसत जा ना. येणारे-जाणारे बघतात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टेबल उचलून ओट्यावर आणलं. बघू देत.

पुढे कॉलनीच्या महिला मंडळाचं प्रदर्शन ठरलं. अध्यक्षबाई घरी आल्या. "काम सुंदर आहे, पण स्टॉल फक्त बायकांना. सूनबाईंच्या नावानं मांडू या का?"

मी बोलायच्या आत सूनच म्हणाली, "मला तर साधं बटण लावता येत नाही. माझं नाव नको."

"माझं काम माझ्याच नावानं लागेल," मी म्हणालो. "नाहीतर नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळाच्या फाटकाबाहेर, रसवंतीशेजारी टेबल टाकलं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत माझं नाव लिहून लावलं आणि काम करत बसलो. लाज वाटली. बराच वेळ मान वर केली नाही. मग एक बाई थांबली. "आबा, कात्री कशी धरता हो?" मी दाखवली. हळूहळू बायका टेबलाभोवती जमल्या.

संध्याकाळी अध्यक्षबाई बाहेर आल्या. "पुढच्या वर्षी आत जागा देऊ. फक्त नाव मंडळाचं राहील."

"मग मी इथेच बरा," मी म्हणालो. "रसवंतीवाल्याशी बोलून ठेवलंय."