उतरवून घ्या

शेजारी बाळाची दृष्ट काढली. जळक्या मोहऱ्यांचा ठसका लागला आणि कळव्याच्या घरातली एक दुपार आठवली.

मी आणि मित्र समीर, दोघांनी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर बनवलेलं. कुणीही वापरावं, कुणीही बदलावं असं. त्याची वेबसाइटही तशीच सगळ्यांना खुली, नुकतीच सुरू झालेली. ‘डाउनलोड’ऐवजी बटणावर मी हट्टाने ‘उतरवून घ्या’ लिहिलेलं.

आईने ते वाचलं. “अगं, कुणाची दृष्ट उतरवायचीय?”

समीर खो-खो हसला. “बघ, बदल ते!”

मी बदलणारच होते, तेवढ्यात आईने मूठभर मीठ-मोहऱ्या आणून लॅपटॉपवरून ओवाळल्या. “असू दे गं, छान आहे.”

तेव्हा मी लाजलेले. आज अभिमान वाटतो. कुठकुठल्या अनोळखी माणसांनी नंतर त्या साइटचं सगळं रूप बदललं.

त्या बटणाला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.