अर्नाळ्याच्या धुक्यातला ‘ने’

दुसऱ्या महायुद्धात माझं पोस्टिंग अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होतं. मी जवळच्याच पाचूबंदरचा कोळी, म्हणून तिथे ठेवलं असावं. सोबत सांडोरचा इनास. त्याच्या घरी केळीच्या वाड्या. समुद्र त्याने लांबूनच पाहिलेला. पोस्ट कमांडर पंजाबचे हवालदार होते. काम साधं. दुर्बिणीतून पाणी बघायचं, टेलिफोनवर रिपोर्ट द्यायचा. अनोळखी होडी दिसली तर हाक द्यायची, दुश्मन निघाला तर फायर.

जपानी उतरणार, अशी अफवा रोज यायची. आम्ही जेवतानाही पाण्याकडे तोंड करून बसायचो.

एका सकाळी दाट धुकं होतं. वल्ह्यांचा आवाज आला. आमच्याकडची वल्ही अशी वाजत नाहीत. मी ब्रेनगनमागे आडवा झालो.

“हॉल्ट! फ्रेंड?” हवालदार ओरडले.

धुक्यातून घोगरा आवाज आला, “ने! ने!”

“नईं बोलता है,” हवालदार पुटपुटले. त्यांच्या पंजाबीत ‘नईं’ म्हणजे ‘नाही’. त्यांनी टेलिफोनवरच्या इंग्रज लेफ्टनंटना तो शब्द सांगितला. जुन्या इंग्रजीतही ‘ने’ म्हणजे नाहीच. हुकूम आला, पुढे सरकले तर फायर.

मी ट्रिगरवर बोट ठेवलं.

इनास कानाशी म्हणाला, “अरे, ‘ने’ म्हणतात. आम्हाला ने, म्हणतात. वैरी असा विनवत नाय.”

“त्यांना मराठी कुठून येनार?”

इनासचे दात वाजत होते. मग त्याने रायफल वाळूत ठेवली, हात वर केले आणि पाण्याकडे चालू लागला.

“रुक!” हवालदार दबक्या आवाजात म्हणाले. फायरची ऑर्डर मात्र त्यांनी दिली नाही.

तेवढ्यात होडी खडकावर आपटून उलटली. इनास छातीभर पाण्यात शिरला, एकाला धरून त्याने माझ्याकडे ढकललं. मी गन सोडून धावलो होतो. मी दोघांना ओढलं, तिसऱ्याला हवालदारांनी. वळून पाहिलं, तर इनास दिसेना. मी पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. भरती ओसरल्यावर तो सापडला.

ते ग्रीक खलाशी होते, त्यांचं जहाज बुडालं होतं. पुढे दुभाष्याने सांगितलं, त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे होय. दोस्त आहात का, या प्रश्नाला ते होय म्हणत होते. इनासनेही अर्थ चुकीचाच लावला होता. म्हणून तिघे जगले.

सांडोरला त्याला माती दिली. त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “माझा इनास भ्याला होता का रे?”

“होय, मावशी. खूप.”

“तरी गेला?”

“तरी गेला.”