बेचाळीस पानांचा अभ्यासक्रम

अठरा वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर एका उन्हाळ्यात मी राजीनामा दिला आणि त्याच शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीलाही काढून घरी आणलं. नातेवाइकांना वाटलं, दोघींपैकी एकीला तरी शाळेनं हाकललं असणार. तसं काही नव्हतं. मुलगी वाचेनाशी झाली होती, कारण एवढंच होतं.

हीच मुलगी तिसरी-चौथीत भेळेच्या कागदावरची अर्धी बातमी वाचून उरलेली अर्धी कुठे मिळेल म्हणून भेळवाल्याशी हुज्जत घालायची. जेवताना पुस्तक, वेणी घालून घेताना पुस्तक. सातवीच्या वर्षात ते हळूहळू थांबलं. वाढदिवसाला आणलेली पुस्तकं प्लॅस्टिकच्या वेष्टणातच राहिली. मराठीच्या बाईंची मुलगी पुस्तक नको म्हणते याची मला लाज वाटायची. लाजेपेक्षा भीती मोठी होती. एकदा गेलेली गोडी परत येत नाही, हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिलं होतं.

मी निदान करून टाकलं: शाळा. घोकंपट्टी, गाइडं, गृहपाठ, घंटा. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवू, तोवर घरी शिकवू. नवरा विंचूरच्या वाइन पार्कात नोकरीला जातो. त्यानं एवढंच विचारलं की तुला नक्की जमेल ना. अठरा वर्षांच्या अनुभवाला हा प्रश्न विचारला म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलले.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं तिच्या दोन्ही मुलांना त्याच सुमारास घरी शिकवायला घेतलं होतं. एक मुलगी, एक मुलगा, दोघंही आमच्या मुलीच्या आगेमागेच. ती गणित आणि विज्ञान घेणार, मी साहित्य, असं आमचं ठरलं. माझ्या अंगात उत्साह मावेना.

एप्रिल आणि मे मी जेवणाच्या टेबलावर अभ्यासक्रम आखला. कथा, कविता, प्रवासवर्णन, नाट्यउतारा, लोककथा. प्रत्येक पाठापुढे रकाने: आशय, भाषासौंदर्य, मूल्ये, कृती, मूल्यमापन. कथेला हिरवा रंग, कवितेला निळा. ‘आनंददायी वाचन’ असाही एक रकाना होता आणि त्याला आठवड्याला पस्तीस मिनिटं दिलेली होती. घरच्यांनी दोन महिने सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवण केलं. सगळं मिळून बेचाळीस पानं झाली. ती स्पायरल बाइंडिंग करायला आमच्या इथल्या द्वारका चौकात घेऊन गेले, तर झेरॉक्सवाल्यानं आदरानं विचारलं, “मॅडम, पीएचडी का?” मी नाही म्हणाले, पण जरा उशिरानं.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. पहिली कथा एका म्हाताऱ्या मेंढपाळाची आणि त्याच्या कुत्र्याची होती. मी वाचते बरी, हे मात्र खरं. शेवटी कुत्रा मरतो तिथे आले तेव्हा शेजारणीच्या मुलीचे डोळे भरले होते आणि आमची मुलगी खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती. किती महिन्यांनी बघत होती. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण रकाना समोर होता. मी विचारलं, “या प्रसंगातून लेखकाला काय सुचवायचं आहे? तीन मुद्दे सांगा.” शेजारणीच्या मुलीनं डोळे पुसले आणि वही उघडली. आमची मुलगी पुन्हा खिडकीकडे वळली.

पुढच्या महिन्याभरात शेजारची मुलं दर गुरुवारी पोट दुखतं म्हणून सांगायला लागली. गुरुवार माझा होता. मी शेजारणीला बाहेरचं खाणं बंद करण्याचा सल्ला दिला.

मग मुलीची एक वही सापडली. गादीखाली नव्हती, कुठे लपवलेली नव्हती, टेबलावर माझ्या कागदांच्या शेजारीच होती. मुलीनं आपणहून चार पानं लिहिली होती. नामपूरला माझ्या नणंदेकडे ती सुट्टीत गेली होती, त्याची हकीगत. कांद्याच्या ढिगावर बसून आत्या कांदे निवडते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला “जेवन व्हयनं का?” विचारते. ज्या दिवशी आत्याचं तिच्या जावेशी भांडण झालं त्या दिवशीही तिनं जावेला तेच विचारलं, पण तोंड फिरवून. चौदा वर्षांच्या पोरीनं हे पाहिलं होतं आणि लिहिलं होतं. वाचताना मला भरून आलं.

आणि भरल्या डोळ्यांनी मी लाल पेन घेतलं. मी ठरवून घेतलं नाही, हात आपोआप गेला. पेपर तपासून तपासून माझी अशी गत झाली आहे की लग्नपत्रिकासुद्धा मी पेन घेऊन वाचते. परिच्छेद पाडले. ‘मग’ हा शब्द अकरा वेळा आला होता, तो अकरा वेळा गोल केला. आत्याच्या बोलण्याखाली रेघ मारून समासात ‘प्रमाणभाषा?’ असं लिहिलं. शेवटी ‘निरीक्षण उत्तम, समारोप हवा’ असा शेरा मारला आणि दहापैकी साडेसात गुण दिले. साडेसात देताना मला वाटलं होतं की मी हात सैल सोडला. आमच्या शाळेत निबंधाला मी सातच्या वर गेल्याचं कुणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं वही उघडली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं चारही पानं शांतपणे वाचली, माझे शेरे वाचले, आणि वही मिटली. मी गॅसवर चहा टाकत होते. मी म्हणाले की आपण आता पुन्हा मोकळं लिहू, इथे काय शाळा थोडीच आहे.

“आई,” ती म्हणाली, “शाळेचा मला त्रास नव्हताच. सातवीत मराठीला तू होतीस.”

एवढंच बोलली आणि आंघोळीला गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. खूप दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं ती बोलली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं मी शाळेचं केलं होतं. घंटा, गाइडं, बाकीच्या बाई, सगळ्यांवर खापर फोडलं आणि खरा आरोपी रिक्षात बसवून, बेचाळीस पानांसकट घरी आणला. शाळेत निदान माझा तास पस्तीस मिनिटांत संपायचा. मला खूप रडू आलं. गॅसवरचा चहा उतू गेला, तोही मीच पुसला.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी त्याला सांगितलं. माझी थट्टा करायची एकही संधी तो सोडत नाही, त्या दिवशी मात्र त्यानं टेबलावरचे माझे कागद गोळा करून कपाटावर ठेवले. मी मुलीला विचारलं की परत शाळेत जायचंय का, मी तर आता तिथे नाही. ती म्हणाली नको, घरी बरं आहे. मग साहित्य कोण शिकवणार, मी विचारलं. कुणीच नको, ती म्हणाली. गुरुवारी तिघं आपापलं काहीतरी वाचतील. मी खोलीत बसले तरी चालेल, पण विचारायचं काही नाही.

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

पहिल्या गुरुवारी मी गवार घेऊन बसले. हाताला काम असलं की तोंड आवरतं असा माझा समज होता. शेजारणीचा मुलगा क्रिकेटचं मासिक वाचत होता, त्याची बहीण कसल्याशा भुताच्या गोष्टी. मूल्ये शून्य, भाषासौंदर्य शून्य. आमची मुलगी पुस्तक उघडून पंधरा मिनिटं एकाच पानावर होती. मला दिसत होतं. माझ्या जिभेवर चार प्रश्न येऊन गेले. मी पाव किलो गवार मोडली आणि नंतर मोडलेलीच पुन्हा मोडली. दुसऱ्या गुरुवारीही तसंच, तिसऱ्याही.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी, पान उलटताना, ती एकदम हसली. तोंडावर हात ठेवून, पण चांगली मोठ्यानं. मग तिनं चोरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून शेंगेचं देठ काढत राहिले. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

ती कशाला हसली, मला अजून माहीत नाही.