काचपेटीचं पोट

घरचा ऊस सोडून मी सांगलीत विज्ञानाचा मास्तर झालो, तेव्हापासून वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझ्या बिऱ्हाडात पाऊल टाकलं नव्हतं. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी अखेर त्यांचा निरोप आला: शनिवारी बाजाराला येतोय, घर बघून जाईन. शिकून पोरगा वाया गेला नाही, एवढं मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी मी दाखवायला काय केलं, तर माशांची काचपेटी.

पेटी चांगली चार फूट लांब, काचा लाकडी चौकटीत बसवलेल्या. पाणी भरलं तशा लांबीच्या दोन्ही काचा वरच्या अंगाला बाहेर फुगल्या. वर मधोमध आडवी पट्टी हवी, हे मलाही कळलं. आळीतला सुतार म्हणाला, "दोन स्क्रू मारून देतो की." पण स्क्रूची डोकी दिसली तर शोभा काय राहिली? मी थेट मिरजेला जाऊन सतारी करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराला गळ घातली. त्यांनी पट्टी अशी बसवली की सांधा नखाला लागेना. चिकटवली होती सरसानं. सरस पाण्यानं सुटतो, हे जन्मभर कोरड्या सतारी जोडणाऱ्या त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि पाण्याचे गुणधर्म शिकवणाऱ्या माझ्याही नाही.

शनिवारी आबा आले. पेटीसमोर उकिडवे बसून कृष्णेतले मासे बघत राहिले. मी त्यांना पाण्याचा दाब समजावून देत होतो, तेवढ्यात पट्टी सुटून पाण्यात पडली आणि काच कुरकुरली. माझं विज्ञान तिथंच संपलं. मी दोन्ही हातांनी काच दाबून उभा राहिलो.

"आरं, कणगीवानी पोट सुटलंय हिचं," म्हणत आबांनी डोक्याचा पटका सोडला, पेटीच्या तोंडाभोवती वेढे घातले आणि उरलेल्या टोकानं समोरासमोरचे वेढे मधोमध एकमेकांना आवळून बांधले. "भिजला की आजून आवळंल."

चहा पिऊन ते निघाले.

"आबा, थांबा. पाणी काढतो, पटका देतो सोडून."

"आन् मासं?"

मयताखेरीज मी आबांना बोडकं पाहिलं नव्हतं. आता ते तसेच भर बाजारातून जाणार होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारातून ते वळले.

"पेटी झ्याक केलीस. फुडच्या शनवारी येतो, तवर सोडू नगंस."

सोमवारी सुतारानं दोन स्क्रू मारून पट्टी बसवली. पटका मात्र मी शनिवारपर्यंत सोडला नाही.