पाववाल्याच्या घोडीचा रिसाला

गोऱ्या सरकारने गावोगाव हौशी घोडेस्वारांचे रिसाले उभारायचं ठरवलं, तेव्हा पाववाल्याने बायकोला न विचारता नाव दिलं. नाव स्वतःचं आणि घोडी तिची, तिच्या वडिलांनी दिलेली.

अट एकच होती, जनावर स्वतःचं हवं. त्यामुळे दूधवाला, कोळसेवाला, तेलवाला असे सगळे आपापल्या गाडीचं घोडं सोडून हजर झाले. औषधवाला कप्तान झाला, कारण त्याच्याकडे तलवार होती. ती नाटक कंपनीतली असल्याने म्यानातून निघत नसे, पण तशी कधी वेळ आली नव्हती.

कवायतीच्या सकाळी पावाची पेटी कमरेवर घेऊन बायको दारोदार फिरायची.

"घोडी कुठंय, वहिनी?"

"सरकारी नोकरीत लागलीय."

"मग पगाराचे पेढे?"

"बिनपगारी आहे. आमच्या ह्यांच्यासारखीच."

एक दिवस पाववाला घाईने घरी आला. मोठा साहेब तपासणीला येणार होता. पास होणारा रिसाला थेट सरहद्दीवर जाणार होता.

"अहो, घोडी नेलीत तर इथला धंदा कसा चालायचा?"

"तू आहेस की."

"आणि नापास झालात तर?"

"रिसाला मोडतील. मग काय, पुन्हा पाव."

तो हे ज्या आवाजात म्हणाला, त्याने तिच्या हातातली इस्त्री थांबली. लग्नापासून तिने या माणसाला पोक काढूनच पाहिलं होतं. गणवेश आल्यापासून तो जेवायलासुद्धा ताठ बसत होता. तिला तो ताठ हवा होता आणि घोडी घरी हवी होती.

तपासणीला रिसाला गल्लीतून दौडत मैदानावर जाणार होता. सगळ्यांत शांत म्हणून पुढे पाववाल्याची घोडी. ही गल्ली पावाच्या रतिबाची आहे, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पहिल्या गिऱ्हाइकाच्या दाराशी घोडी थांबली. मागचे सगळे घोडे एकमेकांच्या शेपटीला नाक लावून थांबले. पाववाल्याने टाचा मारल्या, कानात विनवण्या केल्या. कप्तानाने तलवार उपसली, ती म्यानासकट वर आली. साहेबाने घड्याळ काढलं.

पेटीचं झाकण धाडकन मिटल्याशिवाय घोडी गिऱ्हाइकाचं दार सोडत नसे. पेटी घेऊन बायको गर्दीतच उभी होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने झाकण आपटलं नाही, तर गणवेश जाणार होता. आपटलं, तर नवरा आणि घोडी दोन्ही जाणार होती.

ती सावकाश दाराशी गेली. गिऱ्हाइकाला रोजचे पाव दिले, सुनेच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग झाकण आपटलं. घोडी निघाली ती शेजारच्या दाराशी थांबली. बायको तिथे पोचली. असं करत अख्खी गल्ली झाली. पाववाला ताठ बसून समोर बघत होता, जणू प्रत्येक दाराशी थांबायचा हुकूम त्यानेच दिला होता.

साहेब जे बोलला ते कप्तानाने सर्वांना सांगितलं. एकही घर न चुकवणारा रिसाला साहेबाने आजवर पाहिला नव्हता. असली माणसं सरहद्दीवर वाया घालवायची नाहीत, त्यांनी रोज सकाळी गावातच गस्त घालावी.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी खोगिराला बांधून दिली. गस्त पावाच्या वेळेला निघे. दूधवाला आणि तेलवालाही आपापला माल घेऊन येऊ लागले. पुढे कप्तानाने झाकण आपटणं कवायतीत घेतलं.

तिची तक्रार एवढीच होती. "जरा हळू आपटा म्हणावं. बिजागरी दुसऱ्यांदा बदलली."