सभागृहातली हजेरी

मावळातल्या एका लहान नगरपरिषदेच्या सभा विभागात मी सत्तावीस वर्षं लिपिक होते. सर्वसाधारण सभेत कुणी काय मांडलं, कुणी अनुमोदन दिलं, कुणी विरोध केला, ते इतिवृत्तात उतरवायचं हे माझं काम. नगरसेवक एकमेकांवर धावून जायचे, माइक ओढायचे, गटाराच्या झाकणावरून तासतास भांडायचे. तेव्हा मी कपाळाला हात लावायचे. पुढे त्याच भांडणांची मला आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका काही होईनात. प्रशासक नेमले गेले. प्रशासक म्हणजे आमचेच मुख्याधिकारी. मुख्याधिकारी म्हणून साहेब प्रस्ताव सादर करायचे आणि प्रशासक म्हणून साहेबच तो मंजूर करायचे. खुर्ची तीच, पेन तेच. पहिल्या अशा सभेला मी विचारलं, "सर, सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाचं नाव लिहू?"

"त्या दोन ओळी काढून टाका," साहेब म्हणाले.

मी काढून टाकल्या. तेव्हापासून सभागृहाला कुलूप लागलं. सभा साहेबांच्या केबिनमध्ये व्हायची. साहेबांकडे आणखी एका गावाचा कार्यभार होता, त्यामुळे ते आठवड्यातून दोनदा यायचे. वीस-बावीस विषय चहा संपेपर्यंत उरकायचे.

अशाच एका सभेत तो विषय आला. लोहगडाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी परिषदेची एक जुनी पत्र्याची शेड होती. ती पाडून तिथे पर्यटकांसाठी सेल्फी पॉइंट करायचा होता. बांधकाम विभागाने ठरावाचा मसुदा तयार करून दिला होता. त्यात वाक्य होतं: 'सदर शेड बऱ्याच काळापासून वापराविना पडून आहे.'

ती शेड सफाई कामगार बायकांची होती. सकाळी सहाला तिथे त्यांची हजेरी व्हायची. घरून आलेली साडी बदलून कामाची साडी नेसायची, दुपारी काम संपलं की हातपाय धुऊन परत बदलायची आणि घरी जायचं. मी रोज ऑफिसला जाताना त्या शेडवरून जात होते.

"सर, शेड वापरात आहे," मी म्हटलं. "बायका रोज असतात तिथे."

"स्थळपाहणी अहवाल जोडलाय ना?"

"जोडलाय."

"मग आपण अहवालावर चालतो, मॅडम."

मी ते वाक्य टाइप केलं. कुणी माझा हात धरून टाइप करून घेतलं नाही. ते माझ्याच बोटांनी लिहिलं गेलं, हे इथे सांगायलाच हवं. नाहीतर पुढचा सगळा राग फुकटचा ठरेल.

आठवड्याने शेडवर नोटीस चिकटली. त्याच दुपारी बायकांची मुकादम वर माझ्या टेबलापाशी आली. कामशेतच्या पलीकडल्या गावातून ती रोज पहाटे जीपने यायची. वयाने माझ्याएवढीच, पण ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही. नोटीस तिने भिंतीवरून अलगद सोडवून आणली होती. तळाशी खळ अजून ओली होती.

"बाई, ह्यात काय लिवलंय त्ये वाचून दावा. आमच्यातली येक सातवी शिकलीय, पर तिलाबी न्हाई लागत."

मी वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वापराविना म्हंजी?"

"म्हणजे कुणी वापरत नाही."

"मंग आमी रोज सकाळी कुटं असतो?"

मी नोटीस तिच्या हातात परत दिली.

"हे लिवलं कुनी?"

"वरून आलं, मावशी," मी म्हटलं. वरून म्हणजे कुठून, ते तिने विचारलं नाही. तिने नोटिशीची घडी घातली, ब्लाऊजमध्ये ठेवली आणि ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शेडवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकत होते. आपल्याच ऑफिसच्या बायका, आपल्याच रस्त्यावरची जागा, आणि मी कधी आत डोकावलेही नव्हते. का डोकावले नव्हते ते मला चांगलं ठाऊक होतं. झाडूवाल्यांची जागा म्हणून आपण मान वळवून पुढे जातो, एवढंच ते कारण.

आत भिंतीला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेकीची पिशवी. कोणत्या तरी उद्घाटनाचा फाटका फ्लेक्स दोरीवर टाकून आडोसा केला होता. त्यावरच्या पुढाऱ्यांचे चेहरे बायकांनी आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या बाजूला केले होते. एक नळ, धुण्याचा दगड, फळीवर आरशाचा तुकडा आणि हळदीकुंकवाची डबी. एक बाई पायाच्या जखमेला चिंधी बांधत होती. गटारात काच लागली होती तिला.

मी विचारलं, "पाहणीला इंजिनिअर आले होते ना? कधी आले होते?"

"दुपारचं चारला आलंते," मावशी म्हणाली. "आमी दोनला घरी जातो. समोरच्या टपरीवाल्यानं सांगितलं. कुलपाचा फोटू काढला आन गेलं."

कुलपाचा फोटो. संतापून मी तडक ऑफिसकडे निघाले. ज्या माणसाला या बायका रोज नमस्कार करतात, ज्याच्या टेबलाखालचा कचरा त्यांच्यातलीच एक काढते, त्याला त्या दोनला घरी जातात हे माहीत नव्हतं? माहीत होतं. म्हणून तर तो चारला गेला.

ऑफिसात येऊन मी टिपणी लिहिली. ठरावातलं विधान वस्तुस्थितीला धरून नाही, सदर शेड हेच स्वच्छता विभागाचं हजेरीचं ठिकाण आहे. सोबत हजेरीपुस्तकाच्या प्रती जोडल्या. त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर वर शेडचं नाव छापलेलं होतं.

साहेबांनी टिपणी वाचली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"मॅडम, रिटायरमेंटला किती राहिले?"

"अकरा महिने."

"मग कशाला?" असं म्हणून त्यांनी कोपऱ्यात दोन शब्द लिहिले: 'दप्तरी दाखल.' म्हणजे कागद खोटा नाही, खराही नाही, कपाटात ठेवा. मी आयुष्यभर हे दोन शब्द लोकांच्या अर्जांवर पाहत आले होते. कामाचेच शब्द वाटायचे ते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे तोंडावर दार लावल्यासारखं आहे.

मंगळवारी जेसीबी आला. बायकांनी पिशव्या रस्त्याच्या कडेला मांडल्या आणि त्या उभ्या राहिल्या. पत्रा निघाला, भिंत पडली, नळ तोडून त्याला खुंटी मारली. पंधरा दिवसांत तिथे प्लास्टिकची हिरवळ, लोखंडी बदाम आणि गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं उभी राहिली. शनिवार-रविवारी गड उतरून आलेल्या गाड्या तिथे थांबायला लागल्या. सोमवारी सकाळी तिथली कणसं, चिक्कीचे कागद आणि बाटल्या त्याच बायका गोळा करायच्या.

"आता साड्या कुठे बदलता?" मी मावशीला विचारलं.

"ट्रॉलीच्या आडाला. येक बदलती, चौघी हुब्या ऱ्हातात." तिने हे हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "पावसाचं लय हाल व्हत्यात."

ट्रॉली म्हणजे कचऱ्याची ट्रॉली. मी तिथेच ठरवलं. सभागृहाची किल्ली माझ्याकडे होती. सभा विभागाचीच ती जबाबदारी. एवढं मोठं सभागृह, गोल टेबलं, गाद्यांच्या खुर्च्या, बाजूला महिला सदस्यांसाठी स्वच्छतागृह, आणि सगळ्यावर धुळीचा थर. लोकांनी निवडून दिलेली माणसं नाहीत म्हणून बंद. मग ज्यांच्यामुळे गाव चालतं त्या माणसांनी तिथे का बसू नये?

मी दुसऱ्या दिवशी पावणेसहाला जाऊन कुलूप काढलं. बायका दारातच थांबल्या.

"चपला कुटं काडायच्या?" एकीने विचारलं.

"नगरसेवक काढत नव्हते," मी म्हटलं.

तरीही त्यांनी काढल्या. आधी त्यांनी केर काढला, टेबलं पुसली, मगच पिशव्या ठेवल्या. खुर्च्यांवर कुणी बसेना. मावशी मधल्या मोठ्या खुर्चीशेजारी उभी राहून हजेरी घेऊ लागली. एकेकीचं नाव आणि त्यावर "हाय" असं उत्तर. पायाला लागलेली बाई तेवढी माझ्या आग्रहाने बसली. मी इतिवृत्ताच्या टेबलाशी बसले होते. त्या सभागृहात इतक्या शांततेत चाललेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

एकोणीस दिवस हे चाललं. विसाव्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली: 'अनधिकृत व्यक्तींना सभागृहात प्रवेश दिल्याबाबत.' अनधिकृत! पहाटे सहापासून गावाची घाण उपसणाऱ्या बायका अनधिकृत, आणि कुलपाचा फोटो काढून त्यांना नाहीसं करणारा माणूस अधिकृत. मी खुलासा चार ओळींत दिला. संबंधित व्यक्ती परिषदेच्या स्वच्छता कर्मचारी आहेत, त्यांची हजेरी घेण्यास परिषदेने अन्य जागा ठेवलेली नाही, जागा दिल्यास सभागृह तत्काळ रिकामे होईल.

त्याच दिवशी सभागृहाचं कुलूप बदललं. पण बायका दुसऱ्या दिवशी कामावर निघाल्या नाहीत. घोषणा नाहीत, काही नाही. त्या जिन्यावर बसल्या. दहाच्या सुमारास साहेब आले. त्यांना वर जायला जागा नव्हती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हजेरी व्हायची हाय, साहेब," मावशी म्हणाली. "कुटं घिऊ ते सांगा, की निगतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही जिन्यातच उभी होते. दुपारपर्यंत गॅरेजमागची टायर ठेवायची खोली रिकामी करून मिळाली. खिडकी नाही, नळ नाही, पण दाराला आतून कडी होती. नळ यायला आणखी चार महिने लागले.

माझ्या निरोप समारंभात साहेबांनी मला शाल दिली आणि मी शिस्तप्रिय असल्याचं सांगितलं. माझ्या नोटिशीचा निकाल तोवर लागलेला नव्हता, तो अजूनही लागलेला नाही. मागाहून निवडणुका झाल्या, नवे सदस्य आले. पहिल्या सभेत प्रशासकांच्या काळातले सगळे ठराव एका हातवाऱ्यात कायम झाले. कुणी एकही वाचला नाही. मी प्रेक्षकांत बसले होते. उठून बोलायला लागले तर शिपायाने, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवले होते त्याने, हळूच सांगितलं, "बाई, बसा. प्रेक्षकांना बोलता येत नाही."

सेल्फी पॉइंटची निम्मी अक्षरं आता पेटत नाहीत. त्यांच्या दुरुस्तीचा विषय म्हणे लगेच मंजूर झाला. टायरच्या खोलीत मात्र अजून दिवा नाही. थंडीत सहाला आत मिट्ट काळोख असतो, बायका मोबाइलच्या उजेडात बदलतात. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, "बाई, दिव्याचा आर्ज लिवून देता का?" मी लिहून दिला. सोमवारी आम्ही दोघी जाऊन तो आवक-जावक खिडकीत दिला आणि शिक्का मारलेली पोच मागून घेतली. पोच आता मावशीकडे आहे.