भागवतच्या थांबण्याच्या जागा

फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग एडिट करत बसलो होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच मंगल म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" समोरच्या पडद्यावर एक मावशी नवरीच्या गालाला हळद लावता लावता थांबलेली होती... तिला मी दोन दिवस तशीच ठेवली. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

मंगलचा नवरा भागवत कोण, हे आपल्या शहरात फारसं कुणाला माहीत नाही आणि याचा मला राग येतो. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावातल्या मेंढपाळाचा मुलगा, चितेगावला कारखान्यात पाळ्या करणारा, स्वतःची गाणी स्वतः रचून जुन्या गिटारवर म्हणणारा. त्यानं तीन अल्बम केले आणि तिन्ही इंटरनेटवर फुकट सोडून दिले. ते रेकॉर्ड झाले क्रांती चौकामागं, दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत, जिथं मी एरवी लग्नांचे व्हिडिओ बनवतो. पहिल्यांदा आला तो सुट्टीच्या दिवशी दुपारी, उजवा पाय जरासा ओढत, खांद्यावर वडिलांचं घोंगडं घेऊन. चौकातले हॉर्न आत येतात म्हटल्यावर त्यानं ते घोंगडं थेट खिडकीवर ठोकलं. "आमचा बाप ह्यानं पाऊस अडवायचा दादा, हॉर्न कोण लागून गेला?" पुढं महिनाभर खोलीला मेंढरांचा वास येत होता आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडत होती.

पहिला अल्बम 'पाणवठा'. त्यातली गाणी अजून थोडी बुजरी आहेत, गिटार कुठंकुठं अडखळते, पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी तो लांब हाळी द्यायचा, रानात मेंढरांना देतात तशी, आणि मग नुसता गप्प बसून राहायचा. कधी अर्धा मिनिट, कधी एक. मी त्या सगळ्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. लग्नाच्या व्हिडिओत एवढी मोकळी जागा सोडली तर नवरदेवाचा मामा भांडायला येतो. भागवत मामापेक्षा जास्त भांडला. "हाळी दिली की थांबावं लागतंय, दादा. मागं राहिलेलं कोकरू ओरडलं तर ऐकू नको का यायला? न थांबता पुढं गेला तो धनगर कसला?" मी मुकाट्यानं सगळ्या जागा परत जोडल्या. त्या जोडल्या नसत्या तर मला ही गाणी कळलीच नसती.

'दुसरी पाळी' हा माझा सगळ्यात लाडका. कारखान्याचा भोंगा वाजतो आणि पाळी सुटलेला माणूस सवयीनं मागं वळून कळप शोधतो, असं एक गाणं त्यात आहे. ते ऐकताना मला दर वेळी गलबलून येतं. त्या गाण्यानंतरच्या थांबण्यात माझा पंखा कुरकुरतो, शेजारचा कुकर शिट्टी देतो, खालचा दुकानदार कुणाला तरी शिवी हासडतो. आणि या सगळ्याच्या मधे भागवतचा श्वास, संथ, जवळचा. हे मी काहीच पुसलं नाही.

मग तिसरा, 'मागं राहिलेलं'. आवाज खोल गेला होता. मला वाटलं, माणूस पिकला. पण थांबण्याच्या जागांत तो धापा टाकत होता, खोकत होता. "धूळ हाय," म्हणाला, आणि मला तेवढं उत्तर पुरलं. याची लाज मला जन्मभर पुरेल. एका दुपारी तो खाली चहाला गेला, तेव्हा मी माइक चालूच ठेवून रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून घेतली. नंतर त्याचा प्रत्येक खोकला, प्रत्येक श्वास काढला आणि त्या जागी ती स्वच्छ शांतता चिकटवली. लग्नसराई तोंडावर होती, कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. त्यानं डोळे मिटून सगळा अल्बम ऐकला. "गाणी झाक झालीत, दादा. पण थांबल्यावर मी कुठं गेलो?"

"खाली चहाला," मी म्हणालो. तो हसला. मग खोकला...

तेरावा झाल्यावर मंगल आली. घोंगडं न्यायला आली असेल असं वाटून मी खुर्ची घेऊन खिडकीशी गेलो, तर म्हणाली, "राहू द्या ते. गाणी हायेत माझ्या मोबाईलमधी. पण शेवटच्या अल्बममधी लई शोधलं, ह्यांचा श्वास नाय कुठं. तुमच्याकडं असंल ना? खोकला बी चालंल." मला सांगावं लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हेडफोन कानाला लावले आणि म्हणाली, शेवटचं गाणं लावा.

त्या गाण्याची हाळी सगळ्यात लांब आहे. तिच्यानंतर पूर्ण दोन मिनिटं थांबायचं असा भागवतचा हट्ट होता, म्हणून मी चहाच्या वेळचं ते रेकॉर्डिंग तिथं सलग वापरलं होतं. मंगलनं आवाज पूर्ण वाढवायला लावला. पार शेवटी तिनं एकदम हात वर केला. मी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. अगदी पुसट... जिन्यावर चप्पल वाजत होती. एक पाऊल, मग एक ओढलेलं. एक पाऊल, एक ओढलेलं. भागवत चहा पिऊन वर येत होता. दाराशी आला, आणि तिथंच मी कापलं होतं.

"दार तरी उघडू द्यायचं होतं, भाऊजी," मंगल म्हणाली.

घोंगडं अजून खिडकीवरच आहे. कामाला बसण्याआधी मी रोज ते शेवटचं गाणं लावतो, दोन मिनिटं थांबतो, आणि पावलं दाराशी आली की उठून दार उघडतो.